करार दिल्लीत, कागद चामोर्शीत

अमेरिकेने भारतीय मालावर कर वाढविला आणि दिल्लीने एकामागून एक देशांशी मुक्त व्यापार करार करण्याचा सपाटा लावला, या बातम्या गडचिरोली-चंद्रपूरच्या व्यापाऱ्याला दूरच्या वाटणे साहजिक आहे. सुरतेचा हिरा, तिरुपूरची होजिअरी, मुरादाबादचे पितळ, भदोहीचा गालिचा यांच्याशी चामोर्शीच्या आठवडी बाजाराचा काय संबंध, असे कोणीही विचारील. आपला बाजार धानाचा, तेंदूपत्त्याचा, मोहाचा, बांबूचा. त्याला वॉशिंग्टनशी काय घेणेदेणे?

आमचे म्हणणे असे की घेणेदेणे आहे, आणि ते वाढतच जाणार आहे. मात्र या करारांतून आपोआप काही पदरात पडेल, ही समजूत चुकीची आहे. करार दिल्लीत होतो, पण त्याचा लाभ ज्याच्या हातात मालाचा कागद असतो त्यालाच मिळतो. आपला छोटा व्यापारी आणि कारागीर त्या कागदावर कोठेच नसतो, हे आमच्या मते खरे दुखणे आहे. आजचा लेख त्यासाठीच आहे.

कर का चढला, करार का वाढले

प्रथम घडले काय ते थोडक्यात पाहू. जागतिक व्यापार संघटना १९९५ मध्ये अस्तित्वात आली, तेव्हा सर्व सभासद देशांच्या मालाला सारखाच कर लावावा असे तत्त्व ठरले. दोन देशांनी आपसात करार करून एकमेकांचा बहुतेक माल कमी करात घ्यावयाचा असेल, तर तेवढी सूट त्या नियमात ठेवली गेली. पुढे संघटनेची ताकद ओसरली. तिचे तंट्यांचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडले, कारण अमेरिकेने त्यावर नव्या सदस्यांची नेमणूकच होऊ दिली नाही. पंच उरला नाही, तेव्हा ज्याच्या हाती बाजार मोठा त्याचा शब्द चालू लागला.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने बहुतेक सर्व देशांवर नवे कर जाहीर केले. भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के जादा कर लागला. रशियाचे तेल घेतल्याबद्दल २७ ऑगस्टपासून त्यावर आणखी २५ टक्के चढविले गेले. एकूण ५० टक्के झाले, आणि हे नेहमीच्या कराखेरीज. फेब्रुवारी २०२६ मध्ये हा दर १८ टक्क्यांवर आणण्याचे दोन्ही देशांत ठरल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या कायद्याच्या आधारे हे कर लावले होते तो आधारच अमान्य केला, आणि तेथील सरकारने लागलीच दुसऱ्या कायद्याखाली सर्व देशांवर नवा कर लावला. वर्षभरात एकाच मालाचा दर इतक्या वेळा बदलला. व्यापाऱ्याला जास्त कराइतकेच हे अनिश्चित वातावरण मारते. चार महिन्यांनी पोहोचणाऱ्या मालाचा भाव आज बांधावयाचा कसा?

एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबणे धोक्याचे आहे, हे यातून दिल्लीला उमगले. तसे करार आधीही होत होते. मॉरिशसशी झालेला करार १ एप्रिल २०२१ पासून, संयुक्त अरब अमिरातीशी झालेला १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. पण अमेरिकेच्या दडपणानंतर गती वाढली. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी सही झाली. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टनस्टाइन या चार देशांच्या गटाशी मार्च २०२४ मध्ये झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ओमानशी १८ डिसेंबर २०२५ रोजी सही झाली, आणि त्याच महिन्यात न्यूझीलंडशी बोलणी पुरी झाल्याचे जाहीर झाले. युरोपीय संघाच्या २७ देशांशी २००७ मध्ये सुरू झालेली, २०१३ मध्ये थांबलेली आणि २०२२ मध्ये पुन्हा हाती घेतलेली बोलणी २७ जानेवारी २०२६ रोजी संपल्याची घोषणा झाली. इतक्या थोड्या काळात इतके करार भारताने पूर्वी कधी केले नव्हते. नोव्हेंबर २०१९ मध्ये आशिया-पॅसिफिकमधील पंधरा देशांच्या मोठ्या करारातून भारत बाहेर पडला होता, हे आठवले म्हणजे वारे किती फिरले ते कळते.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बोलणी संपणे, सही होणे आणि करार लागू होणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. वरील चार देशांच्या गटाशी झालेल्या कराराला सहीपासून लागू होईपर्यंत दीड वर्ष लागले. त्यामुळे वृत्तपत्रातील मथळा वाचून कोणी मालाचा साठा करून बसू नये.

आपल्या धानाचा हिशेब

आता आपल्या मालाकडे वळू. चामोर्शी तालुक्याचे मुख्य पीक धान, आणि त्यावर येथील भातगिरण्या, अडते, हमाल, बारदान विकणारे, ट्रकवाले असे अनेक संसार चालतात. या साध्या तांदळाला परदेशात गिऱ्हाईक आहे ते प्रामुख्याने पश्चिम आफ्रिकेत. बेनिन, टोगो, सेनेगल, आयव्हरी कोस्ट हे देश आपला तांदूळ घेतात, विशेषतः उकडा आणि कणी. यांच्यापैकी कोणाशीही भारताचा मुक्त व्यापार करार नाही. ब्रिटन व युरोपात जातो तो मुख्यतः बासमती, आणि तो आपल्याकडे पिकत नाही. म्हणजे नव्या करारांनी आपल्या धानाला थेट उठाव येईल, असे आम्हास दिसत नाही.

तांदळाच्या व्यापाऱ्याला अलीकडे जो फटका बसला तो अमेरिकेने दिलेला नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच सरकारने कणीची निर्यात बंद केली. २० जुलै २०२३ रोजी साध्या पांढऱ्या तांदळाची बंद केली. ऑगस्ट २०२३ मध्ये उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात कर बसविला. पांढऱ्या तांदळावरील बंदी २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली, उकड्यावरील कर ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला, कणीची वाट मार्च २०२५ मध्ये मोकळी झाली. गरिबाच्या ताटातील भात महाग होऊ नये हा हेतू चांगला होता, यात वाद नाही. परंतु बंदीच्या काळात आफ्रिकेच्या गिऱ्हाइकाने थायलंड, व्हिएतनाम, पाकिस्तानचे दार ठोठावले, आणि गेलेले गिऱ्हाईक परत आणावयास भाव पाडावा लागतो, हे कोणत्याही दुकानदाराला सांगावयास नको. परदेशी कर कमी व्हावा म्हणून दिल्लीने जेवढी धडपड केली, तेवढीच घरचे धोरण वर्ष दोन वर्षे एकसारखे राहावे म्हणून केली, तर आपल्या गिरणीवाल्याचे जास्त भले होईल.

आणखी एक बाब. कर शून्य झाला तरी माल नाकारला जाऊ शकतो. धानावरील करपा रोगासाठी ट्रायसायक्लाझोल नावाचे औषध फवारतात. युरोपने २०१८ पासून तांदळातील या औषधाच्या अंशाची मर्यादा इतकी खाली आणली की भारतीय बासमतीच्या अनेक निर्यातदारांची झोप उडाली. दाण्यात औषध उतरले असेल तर कोणताही करार माल सोडवू शकत नाही. आपल्या भागातील कृषी सेवा केंद्रवाल्यांनी शेतकऱ्याला औषध विकताना याचा विचार आतापासून करावा.

बांबूकाडीचा धडा

करार म्हणजे दोन्ही बाजूंनी दार उघडणे. आपला माल बाहेर जातो तसा बाहेरचाही आत येतो. हे विसरल्याने काय होते त्याचे उदाहरण आपल्याच जंगलात आहे.

अगरबत्तीची काडी बांबूची. बांबू गडचिरोलीत मुबलक. येथे वनविभागाच्या पुढाकाराने अगरबत्तीची केंद्रेही निघाली आणि गावातल्या बायकांना काम मिळाले. पण देशाचे चित्र निराळे होते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने दिलेल्या माहितीप्रमाणे कच्च्या अगरबत्तीवरील आयात कर २०११ मध्ये ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला गेला. त्याआधी २००९ मध्ये ३१ कोटी रुपयांची असलेली आयात २०१९ पर्यंत ५४६ कोटींवर गेली. बराचसा माल व्हिएतनाम व चीनचा. आपल्या देशात बांबूची राने आणि काडी मात्र जहाजातून यावयाची! अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि जून २०२० मध्ये बांबूकाडीवरील कर १० वरून २५ टक्के करण्यात आला.

ही करकपात काही द्विपक्षीय करारातली नव्हती, हे आम्ही जाणतो. परंतु कर उतरला आणि घरचा कारागीर तयार नसला म्हणजे काय घडते, ते यातून कळते. व्हिएतनामचा कारागीर आपल्यापेक्षा हुन्नरी होता म्हणून जिंकला नाही. त्याच्याजवळ काडी पाडण्याचे यंत्र होते, एकसारख्या जाडीचा माल होता आणि बंदराला जोडलेला रस्ता होता. आपल्याकडे बुरडाच्या हातात सुरीच राहिली. उद्या नव्या करारांनी असाच एखादा माल आत आला, तर तेव्हा ओरड करण्यापेक्षा आजच विचारावयास हवे की कोणत्या वस्तू करारातून वगळल्या आहेत आणि आपल्या वस्तूंची नावे त्या यादीत आहेत काय. दूध, दही, लोणी यांचे हित दिल्लीने प्रत्येक बोलण्यात जपले, कारण दुधाचा धंदा संघटित आहे. बांबूकाम करणाऱ्याचा, जवसाच्या घाणीवाल्याचा शब्द तेथे कोण टाकणार?

कोनसरीचे लोखंड

चामोर्शी तालुक्यात आणखी एक नवे पर्व सुरू झाले आहे. सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिज आणि कोनसरी येथील कारखाना यांमुळे आपल्या भागात गॅरेज, वेल्डिंगचे दुकान, टायरवाला, सुटे भाग विकणारा, खानावळ चालविणारा अशा अनेकांना काम मिळू लागले. या धंद्यांत आपले कारागीर पुष्कळ आहेत. म्हणून जगाच्या लोखंडबाजारात काय चालले आहे तेही त्यांनी जाणून घ्यावे.

अमेरिकेने पोलादावरील कर मार्च २०२५ मध्ये २५ टक्के आणि ४ जून २०२५ पासून ५० टक्के केला. हा कर वेगळ्या कायद्याखालचा आहे, वर सांगितलेल्या न्यायालयीन निकालाने तो गेला नाही. अमेरिकेचे दार अरुंद झाले म्हणजे चीन, कोरिया, जपान यांचे पोलाद दुसरीकडे वळते. जपान व कोरियाशी भारताचे जुने करार असल्याने त्यांचे पोलाद कराविना येते, अशी आपल्या कारखानदारांची तक्रार आहे. सरकारने एप्रिल २०२५ मध्ये काही प्रकारच्या पोलादी पत्र्यावर १२ टक्के संरक्षक कर लावला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो उतरत्या दराने तीन वर्षांसाठी कायम केला.

यात एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा आहे. कर लागला तर कारखान्याला बळ मिळते, पण खिडक्या-दरवाजे, कोठ्या, ट्रॉल्या बनविणाऱ्या वेल्डरला पत्रा महाग पडतो. शिवाय युरोपने १ जानेवारी २०२६ पासून लोखंड, सिमेंट यांसारख्या मालावर तो बनविताना किती धूर हवेत सोडला त्या हिशेबाने आकार बसविण्यास प्रारंभ केला आहे. युरोपशी करार झाला तरी हा आकार उठत नाही. कोळशावर लोखंड करणाऱ्या विदर्भ-छत्तीसगडच्या कारखान्यांना त्याचा विचार करावा लागेल, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या लहान कंत्राटदारांनाही.

लाभ आहे तो कोठे

मग या करारांत आपल्यासाठी काहीच नाही काय? तसे नाही. ज्या मालावर परदेशात कर मुळातच जड होता, तेथे कर उतरल्याचा फरक मोठा. बांबूच्या टोपल्यांवर युरोपात पूर्वीही कर फारसा नव्हता, तेव्हा तेथे करार होऊन फार बदल होणार नाही. कापड, तयार कपडे, चामड्याच्या वस्तू, पादत्राणे यांवर मात्र ब्रिटन व युरोपात १२ ते १६-१७ टक्क्यांपर्यंत कर होता. बांगलादेशचा माल तेथे कराविना जात असे आणि आपला मागे पडत असे. आता तो कर शून्यावर आणण्याचे ठरले आहे. शिवणकाम, भरतकाम, चर्मकाम करणाऱ्या हजारो कारागिरांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

आपल्या भागात याच्याशी जोडलेला माल म्हणजे टसर, ज्याला आपण कोसा म्हणतो. गडचिरोलीत आरमोरीच्या बाजूला ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर धीवर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या कोसा पिकवितात. चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतही ही परंपरा आहे, आणि भंडाऱ्याकडे त्याचे विणकाम होते. समजा, कोशाच्या एका शालीचा भाव परदेशी बंदरावर हजार रुपये धरला. १२ टक्के कर असेल तर ती तेथे अकराशे वीसला पडते, ५० टक्के असेल तर दीड हजाराला, आणि कर नसेल तर हजारालाच. एकाच शालीचे हे तीन भाव. ५० टक्क्यांच्या काळात अमेरिकेचे गिऱ्हाईक हातचे का गेले, आणि युरोपकडे वळण्यात शहाणपण का आहे, ते यावरून समजावे.

टपालाने लहान पार्सले पाठविणाऱ्यांनाही धक्का बसला. पूर्वी ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलावर अमेरिकेत कर नव्हता. ती सूट २९ ऑगस्ट २०२५ रोजी संपली. आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सले काही आठवडे थांबवावी लागली, ती १५ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली.

फायदा कोणाच्या खिशात

आता मुख्य मुद्दा. करार लागू झाला म्हणजे परदेशी जकात नाक्यावर भारताचा प्रत्येक माल सुटतो असे नाही. मालाबरोबर त्याच्या मूळस्थानाचा दाखला लागतो. हा माल खरोखर भारतात पिकला किंवा बनला, असे त्या कागदावर सिद्ध करावे लागते. नुसते ‘मेड इन इंडिया’ असे लेबल चालत नाही. प्रत्येक करारात नियम वेगळे. आग्नेय आशियातील देशांशी झालेल्या करारात, बाहेरचा कच्चा माल वापरला असेल तर किमतीत किमान ३५ टक्के भर येथे पडलेली असावी लागते आणि मालाचा प्रकारही बदललेला असावा लागतो. कोशाच्या विणकामात ताण्याला परदेशी सूत वापरण्याची चाल काही केंद्रांत आहे. असे कापड सवलतीत बसते की नाही, ते त्या त्या कराराच्या नियमावर ठरते. आपल्या जंगलातल्या कोशाचेच ताणे-बाणे असेल तर तो प्रश्नच येत नाही.

येथे आमच्या भागाची एक जमेची बाजू आहे, जी फार थोड्यांच्या लक्षात येते. गडचिरोलीत वनहक्क कायद्याखाली शेकडो ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गाव त्यात अग्रेसर. बांबू, तेंदूपत्ता यांचा व्यवहार ग्रामसभा करतात आणि वाहतुकीचा पास देतात. कोणत्या जंगलातून, कोणी, किती माल काढला हे त्या पासावर असते. मूळस्थान सिद्ध करावयास याहून चांगला पुरावा कोणता? ज्या कागदाला आपण कटकट समजत होतो, तोच उद्या परदेशी गिऱ्हाइकापुढे आपली साख होऊ शकतो. मात्र हिशेब स्वच्छ ठेवला तर. बिनपावतीचा माल स्वस्त पडतो हे खरे, पण तो कधीही बंदरापलीकडे स्वतःच्या नावाने जाऊ शकत नाही.

आज होते काय? चामोर्शीचा व्यापारी माल गोळा करतो, नागपूर, गोंदिया किंवा रायपूरच्या व्यापाऱ्याला देतो. तो मुंबईच्या निर्यातदाराला देतो. दाखल्यावर नाव निर्यातदाराचे. परदेशात जे १२ टक्के वाचतात त्यांचा तोडगा निर्यातदार आणि परदेशी गिऱ्हाईक यांच्यात निघतो. खाली कारागिराला आणि गावच्या व्यापाऱ्याला कर कमी झाल्याची खबरही नसते, मग तो वाढीव भाव मागणार कोठून? कर वाढला तेव्हा मात्र ‘अमेरिकेने मारले’ असे सांगून त्याचाच भाव पाडला जातो. तोटा खालपर्यंत उतरतो आणि नफा वरच अडकतो. करारांची संख्या कितीही वाढली तरी ही वाट बदलल्याशिवाय आपल्या बाजाराला त्याचे सुख मिळणार नाही.

काय करता येईल

आम्ही कोणाला उद्याच जहाज भरावयास सांगत नाही. पण काही कामे थोड्या खर्चात होण्यासारखी आहेत.

पहिले, आयात-निर्यात कोड काढून ठेवावा. तो विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन मिळतो, शुल्क ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती कायम करावी लागते. या खात्याचे विभागीय कार्यालय नागपूरला आहे. उद्यम नोंदणीला तर पैसाही लागत नाही. मूळस्थानाचा दाखलाही आता ऑनलाइनच काढता येतो.

दुसरे, एकट्याने हे झेपत नसेल तर दहा-पंधरा जणांनी मिळून एका नावाने माल पाठवावा. ग्रामसभा, बचत गट, उत्पादक कंपनी, व्यापारी मंडळ यांपैकी जे जवळ असेल ते. छत्तीसगडच्या कोरब्याहून वाळविलेली मोहाची फुले २०२१ मध्ये जहाजाने फ्रान्सला गेली, ती अशाच गोळा केलेल्या मालातून. मोह आपल्याकडे काही कमी नाही.

तिसरे, ज्याला माल देतो त्या निर्यातदाराला विचारण्याची सवय लावावी: माल कोणत्या देशात जातो, तेथे कर किती होता, आता किती आहे? हा प्रश्न विचारणाऱ्याला फसविणे अवघड जाते.

चौथे, कच्चा माल विकण्याऐवजी एक पायरी पुढे जावे. लाख निवडून, मध गाळून व तपासून, काडी एका मापाची करून. करारातल्या सवलतीही अशाच मालाला अधिक उपयोगी पडतात.

आणि सरकारला आमचे सांगणे एकच. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने निर्यात वाढीसाठी २५,०६० कोटी रुपयांची मोहीम आणि निर्यातदारांच्या कर्जाला २०,००० कोटींपर्यंत हमी देणारी योजना मंजूर केली. ही रक्कम लहान नाही. पण ती मुंबई-सुरतेच्या कचेऱ्यांतच फिरत राहिली तर जंगलातल्या जिल्ह्यांना तिचा उपयोग नाही. करारांच्या याद्या मराठीत, वस्तूंच्या साध्या नावांनी छापून तालुक्याच्या ठिकाणी लावाव्यात. नागपूरच्या अधिकाऱ्याने महिन्यातून एक दिवस गडचिरोलीला बसावे. नमुना तपासण्याची सोय विभागातच असावी. याला करोडो रुपये लागत नाहीत.

अमेरिकेचा कर आज चढेल, उद्या उतरेल. करारही आणखी होतील. ज्याचे बिल पक्के, माप खरे आणि कागद तयार, तो व्यापारी कोणत्याही वाऱ्यात तग धरतो, आणि पुढचा करार जेव्हा लागू होईल तेव्हा दाखल्यावर चामोर्शीच्या एखाद्या मंडळाचे नाव असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.